‘कालपर्यंत तर चालून राहिलं होतं’: बिल्ड तुटतं तेव्हा नेमकं काय तुटलेलं असतं?

मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा ४५ च्या पुढे, खोलीत कूलरची घरघर आणि फोनवर ताईचा मुलगा. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचं सबमिशन तोंडावर.

“मामा, कालपर्यंत तर चालून राहिलं होतं. आज एकशे अठरा एरर देऊन राहिलं. मी तर काहीच नाही केलं न!”

हे ‘काहीच नाही केलं’ मी बारा-तेरा वर्षं ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर स्वतःही म्हणत आलोय. म्हणणारा खोटं बोलत नसतो. आपण काय केलं ते त्याला ‘काहीतरी’ या सदरात मोडण्याइतकं मोठं वाटलेलं नसतं, एवढंच. एक रिकामी ओळ काढली, एक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवली, कुठल्याशा अपडेटला ‘ओके’ म्हटलं.

त्यानं मॉनिटरचा फोटो पाठवला. तिरपा, ट्यूबलाइटची तिरीप पडलेला, आणि यादीचा नेमका खालचा भाग. मी म्हटलं, “वर जा. सगळ्यात पहिली एरर वाच.”

“पहिली तर स्टडआयओच्या आतल्या कोणत्यातरी फाइलमध्ये आहे. ते माझं लिहिलेलंच नाही. कंपायलर खराब झाला वाटते मामा.”

कंपायलर, म्हणजे आपला कोड वाचून मशीनच्या भाषेकडे नेणारा प्रोग्रॅम, शाबूत होता. घोळ काय होता ते जरा जवळून बघू, कारण निम्म्या कोड्यांचं मूळ इथे सापडतं.

सी भाषेत फाइलच्या डोक्यावर आपण ‘इन्क्लुड’ लिहितो. नाव भारदस्त आहे, काम अगदी साधं. त्या हेडर फाइलमधला सगळा मजकूर उचलायचा आणि त्या ओळीच्या जागी जसाच्या तसा चिकटवायचा. हे काम प्रीप्रोसेसर करतो, आणि चिकटवताना तो काहीही तपासत नाही. भाच्यानं बिलाची माहिती ठेवायला बिल.एच नावाची फाइल केली होती. तिच्यात एक स्ट्रक्चर, आणि शेवटी महिरपी कंस बंद केल्यावर द्यायचा अर्धविराम राहून गेलेला. ही फाइल त्यानं स्टडआयओ या सिस्टिमच्या तयार हेडरच्या वर इन्क्लुड केली होती. चिकटवाचिकटवी झाल्यावर कंपायलरच्या हातात जो सलग मजकूर आला, त्यात भाच्याचं अर्धवट वाक्य आणि सिस्टिमच्या हेडरमधलं पहिलं वाक्य एकमेकांत मिसळलं होतं. कंपायलर वाचत गेला, अर्धविराम येईल म्हणून वाट बघत राहिला आणि दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाऊन अडखळला. तिथे ‘एकाच घोषणेत दोन डेटा टाइप कसे?’ अशा अर्थाची पहिली एरर आली. ते वाक्य बिघडल्यामुळे त्यातून तयार होणारा टाइप तयारच झाला नाही. मग तो टाइप जिथे जिथे वापरला होता तिथे तिथे एकेक एरर. बाकीच्या ११७ एरर अशा जन्माला आल्या.

गाडीच्या चाकात खिळा शंकर नगर चौकात घुसतो आणि हवा जाऊन गाडी डगमगायला लागते ती झाशी राणी चौकात. आता झाशी राणी चौकातला रस्ता कितीही झाडला तरी खिळा मिळायचा नाही. एररमध्ये लिहिलेला लाइन नंबर म्हणजे गाडी डगमगली ती जागा. खिळा तिथेच किंवा मागे कुठेतरी असतो. त्या ओळीत काही दिसेना तर आधी वरची ओळ बघायची, मग त्या फाइलच्या आधी काय काय इन्क्लुड झालंय ते.

आणि पहिली एरर सोडवली की लगेच पुन्हा कंपाइल करायचं. दुसरी वाचायचीसुद्धा नाही. पुष्कळ मुलं यादी खालून वर सोडवत येतात, कारण स्क्रीनवर तेच समोर असतं, आणि तासाभरात ठणठणीत असलेला कोड मोडून ठेवतात. जीसीसी या कंपायलरला तर ‘पहिल्याच एररला थांब’ असं सांगायची सोय आहे, डब्ल्यूफेटल-एरर्स नावाची. शिकणाऱ्यांनी ती चालूच ठेवावी असं माझं मत आहे.

अर्धविराम दिल्यावर ११८ च्या शून्य झाल्या. दोन वॉर्निंग उरल्या, आणि “वॉर्निंगच आहे न” म्हणून त्यानं सोडून दिल्या. या वाक्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

बोलतंय कोण?

संध्याकाळी पुन्हा फोन. “आता एकच एरर आहे मामा, पण लाइन नंबरच नाही तिच्यात.”

हे ऐकलं की समजायचं, आता बोलणारा बदलला. बिल्ड, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधणं, हे एका माणसाचं काम नाही, रांगेत उभे असलेले चौघं आहेत. प्रीप्रोसेसर मजकूर चिकटवतो. कंपायलर व्याकरण आणि अर्थ तपासतो. असेम्बलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करून प्रत्येक फाइलची एक ऑब्जेक्ट फाइल बनवतो. शेवटी लिंकर त्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइल आणि लायब्ऱ्या (आधीच तयार असलेला कोड) एकत्र बांधून चालणारा प्रोग्रॅम तयार करतो. या चौघांना हाका मारणारं मेक, ग्रेडल, मेव्हन असं कुणीतरी पाचवं असतं. ‘बिल्ड फेल्ड’ ही मोठ्या लाल अक्षरांतली ओळ या पाचव्याची असते, आणि तिच्यात कामाचं जवळजवळ काही नसतं. तक्रार कोणाची आहे ते आधी ओळखायचं.

भाच्याची एरर होती ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. ही लिंकरची भाषा. पत्रिकेत ‘आपले नम्र’ म्हणून काकांचं नाव छापलंय, पाहुण्यांनी ते वाचलंय, कुणाला काही वावगं वाटलं नाही. मुहूर्ताला मांडवात शोधलं तर काका आलेच नाहीत! हेडर फाइलमध्ये फंक्शनचं नाव लिहिणं म्हणजे पत्रिका छापणं. कंपायलर पत्रिका बघतो आणि समाधानानं पुढे जातो, कारण तो एका वेळी एकच फाइल बघतो. बाकीच्या फाइलींत काय आहे ते त्याला माहीत नसतं. प्रत्यक्ष हजेरी घेतो तो लिंकर. याच्या उलट ‘मल्टिपल डेफिनिशन’ आली, तर एकाच नावाचे दोन नवरदेव घोड्यावर बसून आलेत. ही तर बहुतेक वेळा फंक्शनचा सगळा कोड हेडरमध्येच लिहिल्यामुळे येते. हेडर दोन फाइलींत चिकटलं, कोडच्या दोन प्रती झाल्या.

काका न येण्याची कारणं थोडीच असतात. सगळ्यात साधं म्हणजे त्यांची फाइल बिल्डच्या यादीतच नसते. भाच्याचं तेच झालं होतं. बिल.सी लिहिली, मेकफाइलमध्ये, म्हणजे काय काय बांधायचं ते मेकला सांगणाऱ्या फाइलमध्ये, तिचं नाव घालायचं राहिलं.

दुसरं कारण जरा चमत्कारिक आहे. काका मांडवात आलेले असतात, पण लिंकरनं हजेरी आधीच घेऊन टाकलेली असते. लिनक्सवर नेहमीचा लिंकर आज्ञेतली नावं डावीकडून उजवीकडे वाचतो. स्टॅटिक लायब्ररी समोर आली की तोवर ज्यांची गरज पडलीय तेवढेच तुकडे तो त्यातून उचलतो आणि पुढे निघतो. लायब्ररी आधी आणि तिला वापरणारी फाइल नंतर असेल, तर लायब्ररीच्या वेळी कुणालाच काही नको असतं. म्हणून तो काहीच उचलत नाही, आणि पुढे जाऊन ‘मिळालं नाही’ म्हणून ओरडतो. नुसता क्रम बदलला की बिल्ड होतं. पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा थट्टाच वाटली होती.

तिसरं कारण सी आणि सी प्लस प्लस एकत्र नांदवताना भेटतं. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं चालतात, फक्त त्यांना दिलेल्या गोष्टींचे प्रकार वेगळे हवेत. मग लिंकरला ती वेगळी ओळखू यावीत म्हणून कंपायलर नावातच प्रकार कोंबतो. दोन पूर्णांक घेणारं ‘अ‍ॅड’ हे फंक्शन जीसीसीच्या कागदावर ‘_झेड३अ‍ॅडआयआय’ होतं. तीन म्हणजे नावाची लांबी, शेवटचे दोन आय म्हणजे दोन इंटिजर. सी भाषा असलं काही करत नाही, तिथे ‘अ‍ॅड’ म्हणजे ‘अ‍ॅड’. घरी बाळू, आधार कार्डावर बाळकृष्ण. आता पत्रिकेवरचा बाळकृष्ण कोण, हे सीच्या घरात कुणालाच कळत नाही. त्यावरचा उपाय ‘एक्स्टर्न सी’ हे दोन शब्द: याचं नाव बदलू नको, घरचंच ठेव. शंका आली तर एनएम नावाचं छोटं साधन आहे. ऑब्जेक्ट फाइलवर चालवलं की त्यातली नावं छापतं. नावापुढे टी म्हणजे हे फंक्शन इथे आहे, यू म्हणजे याची वाट बघणं चालू आहे. ही हजेरी पाच मिनिटांत बघून होते, आणि अंदाज लावत बसण्याची रात्र वाचते.

दुसऱ्याच्या भरवशावर

आता कॉलेजातून ऑफिसात येऊ. आयटी पार्कच्या बाजूला जी छोटी-मोठी ऑफिसं आहेत, तिथे सीपेक्षा जावा, अँड्रॉइड आणि जावास्क्रिप्टवाले जास्त. यांची बिल्डं मोडतात ती बहुतेक स्वतःच्या कोडमुळे मोडत नाहीत. आपल्या प्रोजेक्टच्या पोटात दुसऱ्यांनी लिहिलेली शेकडो पॅकेजेस असतात, त्यांच्या पोटात आणखी.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१६ चं. अझर कोचुलू या प्रोग्रॅमरचा एका पॅकेजच्या नावावरून एनपीएमशी, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस जिथून मिळतात त्या कोठाराशी, वाद झाला आणि मार्चमध्ये त्यानं स्वतःची सगळी पॅकेजेस तिथून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं एक होतं. कोड अवघ्या ११ ओळींचा, काम एवढंच की मजकुराच्या डावीकडे जागा भरून तो ठरलेल्या लांबीचा करायचा. पण ते बेबलसारख्या मोठ्या साधनांच्या पोटात होतं, आणि जगभरची बिल्डं पटापट कोसळायला लागली. काही तासांत एनपीएमनं ते परत आणलं, आणि पुढे पॅकेज असं सहज काढून टाकण्यावर बंधनं घातली. त्या दिवशी किती जणांनी “मी तर काहीच नाही केलं” म्हटलं असेल! आणि सगळे खरं बोलत होते.

अँड्रॉइडवाल्यांना भेटणारं नेहमीचं कोडं म्हणजे ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’. हा ६१ कुठून आला? तुमच्या प्रोजेक्टमध्ये तो कुठेच लिहिलेला नसतो. गंमत अशी की जावाची प्रत्येक क्लास फाइल स्वतःच्या कपाळावर एक क्रमांक लिहून येते. त्यातून ४४ वजा करा, जावाचं व्हर्जन मिळतं. ६१ म्हणजे जावा १७, ५५ म्हणजे ११, ५२ म्हणजे ८, ६५ म्हणजे २१. एररचा सरळ अर्थ असा की नव्या जावानं लिहिलेलं जुन्या साधनाला वाचता येत नाहीये. आमच्या एका ज्युनिअरनं सोमवारी सकाळी अँड्रॉइड स्टुडिओ अपडेट केला, त्याच्यासोबत आलेला जावा बदलला, आणि प्रोजेक्टमधलं ग्रेडल मात्र जुनंच राहिलं. ग्रेडल जावा १७ वर चालायला लागलं ते ७.३ पासून. एका ओळीत ग्रेडलचं व्हर्जन वाढवलं आणि काम झालं. पण तोवर त्यानं स्वतःच्या कोडमधले तीन क्लास ‘सुधारून’ ठेवले होते. ते परत फिरवण्यात अर्धा दिवस गेला.

यातच जावा_होम आणि पाथ, म्हणजे जावा कुठे आहे ते सांगणाऱ्या मशीनमधल्या दोन सेटिंग, यांचं भांडण मिसळा. टर्मिनलमध्ये जावाचं व्हर्जन विचारलं तर एक उत्तर येतं, बिल्ड मात्र दुसराच जावा वापरत असतं. ‘माझ्याकडे सतराच आहे सर’ यावर विश्वास ठेवायचा नाही; बिल्डलाच विचारायचं, तू कोणता वापरतोयस.

लाइट जाण्याचंही एक खास नातं आहे. डाउनलोड चालू असताना लाइट गेली, राउटर बंद पडला, लायब्ररीची जार फाइल अर्धवट उतरली. पुढे दोन तऱ्हा होतात. कधी ती अर्धी फाइल तशीच कॅशमध्ये (उतरवलेल्या फाइलींच्या साठ्यात) बसते आणि ‘झिप फाइल उघडता आली नाही’ अशी एरर येते, जिचा झिपशी आपल्याला काही संबंधच लागत नाही. कधी मेव्हन लक्षात ठेवतो की ही लायब्ररी मागे मिळाली नव्हती, आणि नेट आल्यावरही पुन्हा प्रयत्नच करत नाही. त्याचा निरोप लांबलचक असतो, पण त्यात ‘मागचं अपयश साठवून ठेवलंय, ठरलेला अवधी संपेपर्यंत पुन्हा बघणार नाही’ असं साफ लिहिलेलं असतं. आज्ञेला यू जोडून जबरदस्तीनं पुन्हा बघायला लावायचं, किंवा कॅशमधलं तेवढं एक फोल्डर उडवायचं. तेवढं एकच. सगळं कॅश उडवलं तर पुढचा तास डाउनलोडमध्ये जातो, आणि तेवढ्यात लाइट पुन्हा जाते.

नावात, रिकाम्या जागेत, आणि जे दिसतच नाही त्यात

विंडोजवर ऑर्डर कॅपिटल ओनं लिहिली काय आणि स्मॉल ओनं लिहिली काय, फाइल एकच. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली. आमच्याकडे सगळ्यांच्या लॅपटॉपवर विंडोज आणि बिल्ड होणारा सर्व्हर लिनक्स. त्यामुळे ‘माझ्या मशीनवर चालते’ आणि ‘सर्व्हरवर मॉड्यूल सापडत नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असायची.

विंडोजचं दुसरं दुखणं लांबीचं. फोल्डरच्या पोटात फोल्डर जात जात पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की जुन्या पद्धतीनं चालणाऱ्या साधनांना ती फाइल उघडत नाही. एरर काय येते? ‘फाइल सापडली नाही.’ फाइल तर डोळ्यांसमोर असते! प्रोजेक्ट डेस्कटॉपवरच्या ‘फायनल’मधल्या ‘नवीन फायनल’मधल्या ‘खरंच फायनल’मध्ये ठेवला की असं होतं. आणि ही नावं देवनागरीत असली की अँड्रॉइडचं बिल्ड विंडोजवर वेगळंच अडतं: पाथमध्ये (फाइलच्या पत्त्यात) नॉन-आस्की, म्हणजे साध्या रोमनबाहेरची, अक्षरं आहेत, म्हणून थांबतो. मराठीचा कितीही अभिमान असला तरी प्रोजेक्टचं फोल्डर सी किंवा डी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर, छोट्या रोमन नावाचं आणि मध्ये स्पेस नसलेलं ठेवा. मी ठेवतो.

न दिसणारी अक्षरं हा प्रकार मात्र मराठी लिहिणाऱ्याला समजावणं सोपं जातं. युनिकोडमध्ये ‘ऱ्य’सारखं अक्षर जुळवायला काही कीबोर्ड मध्ये एक शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालतात. ते दिसत नाही पण असतं. म्हणून शोधायला गेलं तर कधी शब्द सापडतो, कधी नाही. कोडमध्येही तसंच. वेबपेजवरून उचललेल्या ओळीत साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस येते. वर्डमधून आणलेल्या ओळीत सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात. मग जावा म्हणतो ‘इल्लीगल कॅरेक्टर’, आणि आपण त्या ओळीकडे बघत बसतो, कारण तिच्यात काही चुकलेलं दिसतच नाही. उपाय हास्यास्पद वाटेल, पण तोच खरा: ती ओळ पूर्ण पुसायची आणि बघून बघून हातानं टाइप करायची. कॉपी-पेस्ट केलं तर भूतही सोबत येतं.

‘किल्ड’

एक एरर अशी आहे की जिच्यात एकच शब्द असतो. मोठा सी प्लस प्लस प्रोजेक्ट, चार जीबीचा लॅपटॉप, आणि कुठेतरी वाचून मेकला आठ कामं एकदम करायला सांगितलेली. थोड्या वेळानं ‘किल्ड’. कंपायलरची यात काही तक्रार नसते. बोलायच्या आधीच तो मेलेला असतो. मेमरी संपत आली की लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसपैकी एकीला मारतं, आणि बिल्डच्या वेळी तो मान बहुधा कंपायलरला मिळतो. आठच्या जागी दोन कामं करायला सांगा. हळू होईल, पण होईल.

याहून विचित्र म्हणजे त्याच कोडवर एकदा एरर येते, पुन्हा चालवलं तर येत नाही, तिसऱ्यांदा भलत्याच फाइलमध्ये येते. कंपायलर लहरी नसतो. तोच कोड दिला तर त्यानं तेच उत्तर द्यायला हवं. जीसीसीला हे इतकं पक्कं माहीत आहे की तो स्वतःच कोसळला तर कधीकधी तेच काम पुन्हा करून बघतो, आणि दुसऱ्यांदा कोसळला नाही तर सांगतो: हा बग पुन्हा घडत नाही, दोष हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा असावा. अशा वेळी कोड बघू नका, रॅम तपासा. उन्हाळ्यात नागपुरात पंख्याच्या जाळीत धूळ साचलेला लॅपटॉप गादीवर ठेवून बिल्ड लावणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

मारबत

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी आणि पिवळी. “इडा पीडा घेऊन जा गे मारबत!” असं ओरडत लोक गावाची सगळी रोगराई तिच्यासोबत वेशीबाहेर पाठवतात. क्लीन बिल्ड ही डेव्हलपरची मारबत. तयार झालेलं सगळं पुसा, नोड मॉड्यूल्स (उतरवलेल्या पॅकेजेसचं फोल्डर) उडवा, पहिल्यापासून बांधा, घेऊन जा गे मारबत. आणि बऱ्याचदा पीडा जातेही.

मी तिच्या विरोधात नाही. पण उडवण्याआधी फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा. क्लीन केल्यावर बिल्ड झालं, तर याचा अर्थ जुन्या तयार फाइलींत काहीतरी शिळं होतं. ते शिळं राहिलं कसं, हा प्रश्न उरतोच, आणि पुरावा तुम्ही पुसलेला असतो. ज्या ऑफिसात रोज सकाळी मारबत काढावी लागते तिथे रोग गावातच आहे.

क्लीन करूनही हटत नसेल तर लाइट गेल्यावर करतो तसं करायचं. आधी गॅलरीत जाऊन समोरच्याकडे आहे का बघायचं. प्रोजेक्ट सहकाऱ्याच्या मशीनवर नव्यानं उतरवून बांधा. तिकडेही मोडलं तर दोष कोडमध्ये, नाही तर तुमच्या घरातल्या वायरिंगमध्ये. कोडमध्ये असेल आणि बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर गिट बायसेक्ट आहे. अशा एकेका नोंदीला कमिट म्हणतात. शेवटचा चांगला कमिट आणि आजचा मोडका कमिट सांगायचा. तो बरोबर मधला काढून देतो, तुम्ही चांगला की मोडका ते सांगायचं, उरलेल्याचा पुन्हा मधला. हजार कमिट असले तरी साधारण दहा वेळा विचारून गुन्हेगार सापडतो. आणि तो बहुतेक वेळा तुमचाच कमिट असतो, मेसेजमध्ये ‘मायनर चेंजेस’ लिहिलेला.

रोज सकाळी

भाच्याचा तिसरा फोन आला तो कॉलेजच्या लॅबमधून.

“मामा, एरर तर कोणतीच नाही. पण मी कोड बदलवला तरी जुनाच प्रोग्रॅम चालून राहिला. क्लीन केलं की होते. उद्या सकाळी पुन्हा तेच. आणि गंमत म्हणजे दुपारनंतर आपोआप ठीक होते.”

दुपारनंतर ठीक होणारा बग! मी कूलरजवळून उठलो.

मेक कसं काम करतं ते इथे सांगायला हवं. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. निमित्त असं झालं की त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ बरोबर असलेला प्रोग्रॅम तपासण्यात वाया गेली. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहिली होती. म्हणून फेल्डमननी असं साधन केलं की जे स्वतःच बघेल, कोणती फाइल बदलली आणि काय पुन्हा बांधायचं. (मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस दिली तर ‘मिसिंग सेपरेटर’ येतं, हा छळही त्यांचाच. बदलायचं मनात आलं तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते, त्यांचं बिघडू नये म्हणून राहू दिलं.) फाइल बदलली हे मेक कसं ओळखतं? आत काय लिहिलंय ते बघत नाही. फक्त वेळ बघतं. सोर्स फाइलची वेळ ऑब्जेक्ट फाइलच्या वेळेनंतरची असेल तर पुन्हा बांधायचं, नाही तर ‘अप टू डेट’.

म्हणजे मेकचा सगळा संसार घड्याळावर.

“स्क्रीनवर कोपऱ्यात तारीख काय आहे रे?”

“एक जानेवारी दोन हजार नऊ.” मग थोडं थांबून, “हे तर नेहमीच असं असते. सुरू होताना एफ१ पण दाबावं लागते. ते सगळ्यांनाच माहीत आहे.”

मदरबोर्डवरचा सेल संपला होता. रात्री लॅबचा मेन स्विच बंद झाला की घड्याळ विसरायचं आणि सकाळी पुन्हा १ जानेवारी २००९, मध्यरात्रीचे बारा. लॅबला नेट नाही, म्हणून वेळ आपोआप जुळत नव्हती. काल सहा तास काम केलं, तर शेवटच्या ऑब्जेक्ट फाइलींवर १ जानेवारी, पहाटे पावणेसहाची वेळ पडली. आज सकाळी आल्या आल्या कोड बदलला, त्यावर १ जानेवारी, साडेबाराची वेळ. मेकच्या दृष्टीनं ऑब्जेक्ट नवी आणि सोर्स जुनी. काही करायची गरज नाही, अप टू डेट. दुपार उलटून घड्याळ कालच्या पावणेसहाच्या पुढे गेलं की नंतर केलेले बदल बरोबर बांधले जायचे. म्हणून ‘आपोआप ठीक’.

“वॉर्निंग वगैरे काही येत नव्हती का?”

“येत होती न. क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, बिल्ड अपुरं असू शकते, असं काहीतरी. पण मामा, ते तर…”

“वॉर्निंगच होती.”

“हो.”

तारीख हातानं बरोबर करून, एकदा क्लीन करून त्यानं बांधलं. पाच मिनिटांनी मेसेज आला: सीआर २०३२, हा सेल सीताबर्डीवर कुठे मिळन?